नाव लघवीचं, घाव पोटात

पावसाळ्यात सिंधुदुर्गात कुणाला ताप येऊन लघवी लाल झाली की पहिला संशय लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा. लावणीच्या चिखलात राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो रास्तच आहे. घरचे मात्र कावीळ म्हणतात, नाहीतर उष्णता. पण ताप नाही, सकाळची पहिली लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद, दुपारपर्यंत पुन्हा स्वच्छ, आणि असं महिनोन्महिने, तर मामला निराळा. त्यामागे पीएनएच नावाचा रक्ताचा दुर्मीळ आजार असू शकतो.

१८८२ साली जर्मनीतल्या पाउल श्ट्र्युबिंग या डॉक्टरने गाड्या बनवणाऱ्या एका तरुण कारागिराची अशीच हकीकत नोंदवली. झोपेत रक्त किंचित आम्ल होतं आणि तांबड्या पेशी शिरांमध्येच फुटतात, असा त्याचा कयास होता. तो फारसा कुणी मनावर घेतला नाही. पुढे मार्कियाफावा आणि मिकेली या इटालियन डॉक्टरांची नावं आजाराला चिकटली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत थॉमस हॅमने आम्ल केलेल्या रक्तद्रवात या पेशी फुटतात हे दाखवलं, आणि ती चाचणी कित्येक दशकं चालली. म्हणजे श्ट्र्युबिंगचा आम्लाचा धागा अगदीच वाया गेला नव्हता.

घोळ केला तो नावाने. पीएनएच म्हणजे ‘पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया’, रात्री झटक्याने येणारी लाल लघवी. प्रत्यक्षात पेशी चोवीस तास फुटतात. रात्रभर साठलेली लघवी दाट असते म्हणून रंग सकाळी दिसतो. पुष्कळ रुग्णांना सुरुवातीला तोही दिसत नाही. आणि जीव घेत आल्या त्या रक्ताच्या गुठळ्या, त्याही बहुधा पोटातल्या शिरांमध्ये. यकृताच्या शिरा तुंबल्या की यकृत सुजतं, पोटात पाणी भरतं. (या तुंबण्याला बड-किआरी म्हणतात. बडने १८४५ साली आणि किआरीने १८९९ साली त्याबद्दल लिहिलं. पीएनएच हे त्याच्या अनेक कारणांपैकी एक.) आतड्याची शीर बंद पडली तर आतड्याचा तुकडा सडून कापावा लागतो. प्लीहेची, म्हणजे पानथरीची, शीर बंद पडली तर पानथरी वाढते.

मूळ दोष सापडला १९९३ साली, जपानमध्ये किनोशिता यांच्या गटाला. हाडांच्या मज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत पिग-ए हे जनुक बिघडतं. बिघाड जन्मानंतरचा, त्यामुळे तो मुलाबाळांत उतरत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर काही रक्षक प्रथिनं रेणूच्या एका नांगराने धरून ठेवलेली असतात. शास्त्रज्ञही त्याला नांगरच म्हणतात, मालवणच्या रापणकराला वेगळं समजावायला नको. नांगर नाही म्हणून रक्षक नाहीत, आणि शरीराचीच संरक्षक यंत्रणा त्या पेशी फोडते. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन रक्तातला नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं, प्लेटलेट्स चेकाळतात, गुठळी धरते.

ही फोडाफोड थांबवणारं एक्युलिझुमॅब २००७ साली आलं आणि गुठळ्यांचं प्रमाण एकदम घटलं. मात्र औषध अतिशय महाग, शिवाय आधी मेनिंजायटिसची लस घ्यावी लागते.

निदान आता फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवर ती रक्षक प्रथिनं आहेत की नाहीत हे पाहणाऱ्या रक्ततपासणीने होतं. पण तिथवर पोचायला आधी कुणालातरी शंका यायला हवी. यकृताच्या शिरा वाहतात की नाही, हे डॉप्लर केल्यावर कळतं. साध्या सोनोग्राफीच्या कागदावर अनेकदा ‘पोटात पाणी’ एवढंच येतं, आणि आपल्याकडे पोटात पाणी म्हटलं की पहिला प्रश्न दारूचा निघतो, माणूस थेंबाला शिवत नसला तरी.