सेंटरिंगविना उभारलेली कमान: ताक-ए-किस्रा

कमान बांधायची तर सहसा आधी लाकडी सेंटरिंग, म्हणजे कमान पुरी होईपर्यंत विटा पेलणारा तात्पुरता सांगाडा, उभं करावं लागतं. मेसोपोटेमियात खजूर भरपूर, पण लांब, भक्कम इमारती लाकूड दुर्मिळ. तरीही बगदादच्या दक्षिणेला, टायग्रिसकाठी, इराणच्या सासानी सम्राटांनी तेसिफोन या राजधानीत सुमारे ३७ मीटर उंच आणि २५ मीटर रुंद दरबाराला निव्वळ विटांचं छत घातलं, तेच ताक-ए-किस्रा. बहुतेक अभ्यासक ते पहिल्या खुस्रोच्या (५३१–५७९) काळातलं मानतात, काही जण थेट तिसऱ्या शतकातलं.

युक्ती विटांच्या कलात आहे. दोन्ही भिंतींवर बऱ्याच उंचीपर्यंत विटांचे आडवे थर रचत, प्रत्येक थर किंचित आत काढला. त्यामुळे वर झाकायची रुंदी कमी झाली. मग मागच्या भिंतीला टेकवून विटांचं पहिलं कमानीच्या आकाराचं कडं उभारलं, सरळ नव्हे तर मागे झुकलेलं. प्रत्येक वीट आपल्या रुंद बाजूने मागच्या कड्याला चिकटते. कडं माथ्यावर जुळलं की स्वतःचं वजन स्वतः पेलतं आणि पुढच्या कड्याला टेकू देतं.

वीट घसरू नये म्हणून विटा जोडणारा मसाला काही मिनिटांत घट्ट व्हायला हवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत महिनोन्महिने कडक होतो. इथे तो कामाचा नाही. म्हणून भाजलेलं जिप्सम (ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस बनतं ते खनिज). चुन्याच्या भट्टीला सुमारे ९०० अंश सेल्सियस लागतात, जिप्समला दीडशेच्या आसपास पुरतात, म्हणजे सरपणही वाचतं. मात्र मसाला थोडाथोडाच कालवावा लागतो. घट्ट होऊ लागलेल्यात पाणी घालून तो पुन्हा सैल केला, तर पकड जाते.

आकारही नेमका आहे. टांगलेली साखळी उलटी केल्यावर दिसेल, जवळपास तशी वक्रता. अशा कमानीत भार विटांना मुख्यतः दाबतो, ताणत नाही. वीट दाब सोसते, ताणाने तडकते. उरलेला बाहेरचा रेटा पायथ्याशी कित्येक मीटर जाड असलेल्या भिंती घेतात. (कमान हा शब्दही आपल्याकडे फारसीतूनच आला, मूळ अर्थ धनुष्य.)

पण ज्या जिप्समने हे छत शक्य केलं, तेच त्याचं दुखणं आहे. ते पाण्यात विरघळतं, लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम. १८८८च्या पुरात दर्शनी भिंतीची उत्तर बाजू कोसळली. भिंतीत चढणारी ओल आणि क्षार आजही विटा पोखरतात. डागडुजीला साधं सिमेंट वापरणं तर घातकच: ओल असेल तर जिप्सममधले सल्फेट सिमेंटशी संयोग पावून एट्रिंगाइटचे फुगणारे स्फटिक बनवतात आणि नवा जोड जुन्या विटेलाच फोडतो.