विदर्भातील मधसंकलन आणि मधमाशीपालन

विदर्भातला गावरान मध मुख्यतः रानातून येतो. मेळघाटातले कोरकू, गडचिरोलीतले गोंड आणि माडिया यांच्याकडे मोहोळ झाडण्याचे कसब पिढीजात आहे. माशी पाळण्याची रीत मात्र इथे गावोगाव रुजली नाही. त्याचा दोष लोकांच्या उदासीनतेला देण्याची सवय आहे. पण खरे कारण बरेचसे माशीतच आहे.

इथला बहुतेक मध देणारी माशी म्हणजे आग्या. सावर, वड, पिंपळ अशा झाडांच्या उंच फांदीला किंवा कड्याच्या कपारीला ती एकच मोठे पोळे उघड्यावर लावते. ते मीटरभराहून रुंद होऊ शकते. बंद पेटी तिला मानवत नाही, आणि फुलोरा सरला की सगळी वसाहत मुक्काम हलवते. झुडपात तळहाताएवढे पोळे लावणारी फुलोरीही पेटीत राहत नाही. देशी माश्यांपैकी पेटीत नांदते ती सातेरी. ती झाडाच्या ढोलीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. तिला सावलीची जागा आणि वर्षभर थोडाफार फुलोरा लागतो. डोंगरी रानात हे जमते, वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या उघड्या शिवारात नाही. भिंतीच्या फटीत राहणारी पोयाची माशी डंख मारत नाही, पण मधही नाममात्रच देते.

माणूस आणि माशीचा इथला संबंध फार जुना आहे. सातपुड्यातच, मेळघाटाच्या ईशान्येला असलेल्या पचमढीच्या शैलाश्रयांत मध काढणाऱ्या माणसांची चित्रे आहेत. अगदी अलीकडेपर्यंत पद्धत फारशी बदलली नव्हती. अंधाऱ्या रात्री पाल्याची चूड पेटवून झाडावर चढायचे, माश्या जाळून किंवा धुराने हुसकून पोळे समूळ कापायचे आणि खाली आणून फडक्यात पिळायचे. पिळताना मधाबरोबर अळ्यांचा रस आणि पराग उतरतो. असा मध गढूळ दिसतो, लवकर फसफसतो, आणि व्यापारी भाव पाडतो तो नेमका इथे. जाळण्यामागे क्रौर्यापेक्षा भीतीच जास्त असावी. आग्याच्या एका डंखाबरोबर सुटणारा वास बाकीच्या माश्यांना चेतवतो, आणि एकदा मोहोळ उठले की चाळीस फुटांवरच्या माणसाला पळायला जागा नसते.

पेटी आली ती वर्ध्यातून. चौकटी वर उचलून पोळे न मोडता मध काढता येईल अशी पेटी अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये तयार केली होती. 1934 च्या डिसेंबरात गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. संघाचे वर्ध्यातले केंद्र असलेल्या मगनवाडीत तेलघाणी आणि हातकागदाच्या जोडीने मधमाशीपालनालाही जागा मिळाली. पुढे मात्र राज्यात पेटीचा जम बसला तो सह्याद्रीत, महाबळेश्वरच्या आसपास. जांभूळ, गेळा, हिरडा आणि थंड हवा, हे सगळे सातेरीला तिथे आयते मिळते. मगनवाडीचा विचार मोठा होता, पण भोवतालचा कापूसपट्टा सातेरीच्या सोयीचा नव्हता.

म्हणून विदर्भातली खरी सुधारणा पेटीपेक्षा कापणीत झाली. वर्ध्याच्याच सेंटर ऑफ बी डेव्हलपमेंट या संस्थेने आग्याचा मध माश्या न मारता काढण्याचे प्रशिक्षण आदिवासी संकलकांना दिले. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या अंगाला, फांदीलगतच्या जाड भागात साठतो आणि पिलावा, म्हणजे अंडी-अळ्यांचा भाग, खाली असतो. अंगभर पोशाख घालून, दोराच्या आधाराने चढून तेवढा मधाचा भाग कापायचा आणि पिलावा जागेवर ठेवायचा, असे हे तंत्र आहे. पिलावा शाबूत असला की माश्या जागा सोडत नाहीत, वरचा भाग पुन्हा बांधून काढतात, आणि फुले असतील तर त्याच पोळ्यावरून काही आठवड्यांत पुन्हा मध मिळतो. कापलेला तुकडा न पिळता निथळू दिला की मध स्वच्छ राहतो.

2006 च्या वनहक्क कायद्याने मध आणि मेण ही गौण वनोपजे, म्हणजे लाकडाखेरीजची रानातली उत्पादने, ठरवली. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारे गडचिरोलीतले मेंढा (लेखा) हे या बाबतीत आघाडीचे गाव. आपल्या जंगलातले मोहोळ कोणी, कसे झाडायचे हे ठरवण्याचा अधिकार अशा गावांत ग्रामसभेकडे आला. पोळे मागे राखून ठेवण्यात संकलकाला फायदा दिसायचा, तर पुढच्या खेपेचा मध दुसरा कोणी नेणार नाही याची खात्री आधी हवी. नुसते प्रशिक्षण त्याला पुरत नाही.

रानाबाहेर परिस्थिती अवघड आहे. फेब्रुवारी-मार्चात पळस, सावर आणि पाठोपाठ करंज फुलतो, तोवर माशीचे बरे चालते. पूर्वी शिवारात करडई, जवस, तीळ, सूर्यफूल असायचे. ती जागा बरीचशी सोयाबीन आणि बीटी कपाशीने घेतली. बुलडाण्याकडे कांद्याचे बीजोत्पादन होते आणि त्या गोंड्यांत बी भरायला माशी लागतेच. अशा ठिकाणी परदेशी मेलिफेरा माशीच्या पेट्या उपयोगी पडतात. पण फुलोऱ्यात सकाळी फवारणी झाली की मकरंदाला गेलेल्या कामकरी माश्या शेतातच मरतात. पेटीजवळ मेलेल्या माश्या फारशा दिसत नाहीत, चौकटीवरची गर्दी तेवढी दिवसेंदिवस विरळ होते, आणि शेतकरी व पेटीवाला यांच्यात नुकसान कशाने झाले यावरच वाद होतो. फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर करावी आणि आदल्या दिवशी पेटीवाल्याला कळवावे, म्हणजे त्याला पेट्या हलवता येतात.