ग्राउल गेला, ग्राउल आला, पण ‘डॅम्नेशन’ वेगळा आणि ‘हेरिटेज’ वेगळा

नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वीडिश मेटल बँड ओपेथचा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ हा अल्बम आला तेव्हापासून एकच पालुपद चालूये, ग्राउल (डेथ मेटलमधला तो पोटातून काढलेला गुरगुरता आवाज) परत आला, जुनं ओपेथ परत आलं! कान किटले. आणि गंमत म्हणजे हेच लोक २०११ ला ‘हेरिटेज’ अल्बम म्हणजे २००३ च्या ‘डॅम्नेशन’चाच पार्ट टू असं ठासून सांगत होते. गल्लत दोन्हीकडे तीच, गायक मिकाएल ओकरफेल्टच्या गळ्यातून काय निघतंय त्यावरून अख्ख्या बँडची दिशा ठरवायची.

‘डॅम्नेशन’ तुम्हाला पाठच असेल, मेटलचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्यांनाही तो आवडतो, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. वरवरचं साम्य आहे हे मान्य. दोन्हीत ग्राउल नाही, दोन्हीत मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा जुना कीबोर्ड), दोन्हीवर पॉर्क्युपाइन ट्रीवाल्या स्टीवन विल्सनचं नाव (‘डॅम्नेशन’ला प्रोड्यूसर आणि कीबोर्ड, ‘हेरिटेज’ला नुसतं मिक्सिंग).

खरी मेख पुढे आहे. ‘डॅम्नेशन’ एकटा जन्मलाच नाही, तो आणि ‘डिलिव्हरन्स’ हे जुळे अल्बम. एकत्रच रेकॉर्ड केले, जड माल एकीकडे आणि हळवा दुसरीकडे, एक आला २००२ च्या नोव्हेंबरात आणि दुसरा पुढच्या एप्रिलमध्ये. हे दोन्ही पदर ओपेथच्या गाण्यात आधीपासून होतेच, आधीच्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’ अल्बममधलं ‘हार्वेस्ट’ गाणं उचलून ‘डॅम्नेशन’मध्ये ठेवा, कुणाला पत्ता लागणार नाही. २००३ ला लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमधला शो बघा, आधी ‘डॅम्नेशन’चा शांत सेट आणि मग त्याच रात्री तोच माणूस पोटातून गुरगुरतोय. म्हणजे सोडलं काहीच नव्हतं, फक्त ताटात वेगळं वाढलं होतं. आमटीला फोडणी दिली नाही म्हणून तिची खीर होत नाही ना.

‘हेरिटेज’मध्ये मात्र गाणं बांधायची पद्धतच बदलली. ‘डॅम्नेशन’मधलं ‘विंडोपेन’ घ्या, पावणेआठ मिनिटं जवळपास एकच उदास मूड, बँड घाईच करत नाही, तुम्ही आत बुडत जाता. आता ‘हेरिटेज’मधलं ‘द डेव्हिल्स ऑर्चर्ड’ लावा, रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) जरा अंगात मुरतोय तोवर तुटतो, हॅमंड ऑर्गन मध्ये घुसतो, परत तुटतो. ‘फॅमिन’ तर सुरूच होतं पर्कशनवर, तेही वेदर रिपोर्ट या जॅझ-फ्युजन बँडमध्ये वाजवलेल्या अलेक्स अकुन्याचं, मग पियानो, आणि पुढे जड रिफवर चक्क बासरी. गिटारचं डिस्टॉर्शन उतरवलेलं, ड्रम्स शेजारच्या खोलीत कुणी वाजवतंय असे, सगळा ओढा सत्तरच्या दशकातल्या प्रॉगकडे, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉककडे. आणि त्या टूरच्या सुरुवातीला तर जुनी ग्राउलवाली गाणीही सेटमधून बाहेर! लोक भडकले ते उगाच नाही. माझं विचाराल तर ‘हेरिटेज’ कच्चाच राहिलाय, तीच भट्टी नीट जमली २०१४ च्या ‘पेल कम्युनियन’मध्ये. पण कच्चा असला तरी त्याला ‘डॅम्नेशन’ची कॉपी म्हणणं म्हणजे ऐकलंच नाही असं कबूल करणं.

आता नव्याकडे या. २००८ च्या ‘वॉटरशेड’नंतर पहिल्यांदाच ग्राउल आहे, आणि काय खणखणीत आहे, वयाचा मागमूस नाही. पण त्याच्या खाली काय चाललंय ते ऐका की. तुकड्यातुकड्यांनी वळणारी रचना, स्ट्रिंग्ज, जेथ्रो टल या जुन्या प्रॉग बँडच्या इयान अँडरसनची बासरी आणि वर त्याचंच निवेदन, एका श्रीमंत घराण्यातल्या म्हाताऱ्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय म्हणून आठपैकी सात गाण्यांना नावंच नाहीत, नुसते परिच्छेदांचे नंबर. हा सरळसरळ ‘हेरिटेज’च्या घरातला पोरगा आहे, आवाज तेवढा आजोबांवर गेलाय. आणि मला हा आवडतो, ‘वॉटरशेड’पेक्षा जास्त आवडतो, शिव्या घालायच्या तर घाला.

परवा एक मित्र जुनं ओपेथ, जुनं ओपेथ करत बसला होता. म्हटलं, ‘डिलिव्हरन्स’ गाण्याचा शेवट वाजवून दाखव. पठ्ठ्याने लगेच टेबलावर बोटांनी ठेका धरला, तीन-साडेतीन मिनिटं तेच तर दळतात ते, न येऊन सांगतो कुणाला. मग म्हटलं, आता नव्यातला कुठलाही एक रिफ गुणगुण. बोटं टेबलावरच राहिली. म्हणाला, थांब, परत एकदा लावतो.