पंप बसवला, गाडी सुरू होत नाही? फोन करण्याआधी हे वाचा

आमच्याकडून कॅलिब्रेशन करून (बेंचवर मोजून-लावून) नेलेला डिझेल इंजेक्शन पंप गाडीवर चढतो, हवा काढून होते, सेल्फ मारमारून बॅटरी उतरते आणि सायलेन्सरमधून नुसता पांढरा धूर. मग फोन येतो, "पंप नीट झाला नाही." पंप काढून परत आणला जातो, आम्ही बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) लावतो, तर सगळे आकडे जागच्या जागी. यात तुमची गाडी दिवसभर उभी राहते, भाडं बुडतं आणि पंप काढण्या-बसवण्याची मजुरी दोनदा जाते.

बेंचवर आम्ही प्रत्येक एलिमेंट (एकेका सिलिंडरला डिझेल दाबणारा पंपातला भाग) किती डिझेल देतो ते मोजतो, गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) किती वेगावर डिझेल कापतो ते लावतो आणि सहा सिलिंडरच्या पंपात एकामागून एक येणाऱ्या इंजेक्शनमध्ये बरोबर ६० अंशांचं अंतर आहे का ते पाहतो. पण इंजिनशी मेळ गाडीवरच बसतो. तो चुकला तर आमच्या बेंचला कळायला मार्ग नाही.

घोळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. फ्लायव्हीलची (इंजिनच्या मागच्या जड चाकाची) खूण पॉइंटरसमोर आली की मिस्त्री पंप चढवतात. इंजिनचे दोन फेरे होतात तेव्हा पंपाचा एक होतो, म्हणून तीच खूण दोनदा समोर येते: एकदा एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनला असताना, एकदा एक्झॉस्ट संपताना. दुसऱ्या वेळी चढवलेला पंप डिझेल मारतो, पण इंजिनचा पूर्ण एक फेरा चुकवून.

ओळखायला टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) उघडा. पॅकिंग फाटेल म्हणून ते टाळतात. पॅकिंगची किंमत आणि उभ्या गाडीचं भाडं तुम्हीच ताडून बघा. १-५-३-६-२-४ फायरिंग ऑर्डरच्या इंजिनात एक आणि सहा नंबरचे पिस्टन बरोबरच वर येतात. टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो त्या) खुणेवर फ्लायव्हील किंचित मागेपुढे हलवा. सहा नंबरचा एक रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी दांडी) सुटतोय, दुसरा दाबायला लागलाय आणि एक नंबरचे दोन्ही रॉकर बोटाने हलवले की टकटक वाजतात, तर एक नंबर कॉम्प्रेशनला आहे. उलटं दिसलं तर इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवा.

मग इंजेक्शनच्या खुणेवर या. ती टीडीसीच्या किती अंश आधी, हे त्या इंजिनाच्या पुस्तकात बघा. शेजारच्या गाडीचा आकडा लावू नका. खुणेवर येताना इंजिन चालतं त्याच दिशेने या. खूण ओलांडली तर तेवढंच मागे घेऊन थांबू नका, गिअरांमध्ये ढिलाई असते. पाव फेरा मागे जाऊन पुन्हा सरळ या.

शेवटी पंपाच्या एक नंबरच्या तोंडातून येणारी डिझेलची धार तपासायची. त्या तोंडातला डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढा, होल्डर (व्हॉल्व्ह दाबून धरणारा नट) परत बसवून त्यावर वाकडी नळी लावा, अ‍ॅक्सिलरेटर लिव्हर पूर्ण ओढून ठेवा आणि प्रायमरने (हातपंपाने) डिझेल देत इंजिन हळूहळू सरळ दिशेने फिरवा. धार तुटून थेंबावर येते, त्या क्षणी इंजेक्शनची खूण पॉइंटरसमोर हवी. नसेल तर पंपाचे बोल्ट सैल करून बॉडी सरकवा: पंपाचा शाफ्ट फिरतो त्याच्या उलट दिशेने सरकवली की टायमिंग आधी येतं. काढलेला व्हॉल्व्ह स्वच्छ डिझेलमध्ये ठेवा. तो आणि त्याची सीट ही जोडी असते, दुसऱ्या सिलिंडरच्या नंबरचा व्हॉल्व्ह चालत नाही.

पिकअप हवा म्हणून टायमिंग पुढे ओढू नका. ठोका वाढतो, पिस्टन आणि हेड गॅस्केटवर येतं. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं टोक). म्हणूनच पंपाबरोबर नोझलही आणा असं आम्ही सांगतो. टपकणाऱ्या नोझलवर नवा एलिमेंट घातला तरी धूर तसाच राहतो, आणि शिव्या आम्हाला बसतात!

पंपावर आमचं सील असतं. ते तुटलेलं दिसलं तर काम पुन्हा फुकट होत नाही; आत कुणी काय फिरवलं ते आम्हाला कळत नाही.

हे सगळं जुन्या इनलाइन पंपाच्या (एलिमेंट एका ओळीत असलेल्या) गाड्यांसाठी आहे, कॉमन रेलसाठी (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलच्या इंजेक्शनसाठी) नाही. टायमिंगची खात्री नसेल तर आमचा माणूस गाडीपाशी येतो. त्याचे पैसे वेगळे, पण पंप आमच्याकडचा असेल तर फक्त जाण्यायेण्याचा खर्च घेतो. येण्याआधी इंजिन प्लेटचा आणि पंपाच्या प्लेटचा फोटो पाठवा.