ईस्ट लोथियनमधील गोल्फ मैदाने
ईस्ट लोथियन हा स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराच्या पूर्वेचा, फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या दक्षिण काठावरील छोटा किनारी प्रदेश. मसलबरापासून डनबारपर्यंतच्या किनाऱ्यावर गोल्फची वीसहून अधिक मैदाने आहेत. त्यांपैकी बरीच ‘लिंक्स’ प्रकारची, म्हणजे समुद्र व शेतजमीन यांच्यामधल्या वाळूच्या, आखूड गवताच्या पट्ट्यावरची आहेत. ही जमीन नांगरणीला निरुपयोगी; पण पाणी लगेच मुरत असल्याने हिवाळ्यातही तिच्यावर खेळता येते.

मसलबरा येथील जुन्या मैदानाच्या प्राचीनत्वाविषयी मतभेद आहेत. स्कॉटलंडची राणी मेरी १५६७ मध्ये येथे खेळली, अशी परंपरा सांगतात. तिच्यावरील १५६८ च्या आरोपपत्रात पती डार्नलीच्या खुनानंतर काही दिवसांतच ती गोल्फ खेळल्याचा उल्लेख आहे खरा. परंतु तेथील स्थळ सीटन आहे, मसलबरा नव्हे. सीटन याच परिसरात असल्याने दोन्हींची सरमिसळ झाली असावी. शिवाय हा मजकूर तिच्या विरोधकांनी लिहिलेला, हेही ध्यानात घ्यावे लागते. एडिंबरोचे वकील सर जॉन फाउलिस यांच्या हिशेबवहीतील २ मार्च १६७२ ची नोंद अधिक भरवशाची आहे. मसलबरा येथे गोल्फमध्ये हरलेली रक्कम तीत मांडली आहे. जगातील सर्वांत जुने मैदान हा मसलबराचा लौकिक मुख्यतः या नोंदीवर आधारलेला आहे. स्कॉटलंडमधीलच फाइफ प्रांतातील सेंट अँड्रूझ या गावच्या रहिवाशांचा तेथील लिंक्सवर खेळण्याचा हक्क मान्य करणारी सनद मात्र १५५२ ची आहे. त्यामुळे केवळ लेखी पुराव्याचा निकष लावल्यास सेंट अँड्रूझचे पारडे जड ठरते.

मसलबराचे मैदान मूळचे सात होलचे होते (चेंडू मारायला सुरुवात करण्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा प्रत्येक टप्पा म्हणजे होल). आठवा होल १८३८ मध्ये व नववा १८७० मध्ये वाढवला गेला. आज हे मैदान घोड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीने वेढलेले आहे. १८७४ ते १८८९ या काळात येथे सहा वेळा ओपन स्पर्धा, म्हणजे हौशी व व्यावसायिक अशा सर्वांना खुली असलेली ब्रिटनची प्रमुख गोल्फस्पर्धा, झाली. चेंडू ज्यात पडतो त्या खळग्याचा ४·२५ इंच (सु. १०८ मिमी.) हा व्यास १८९१ मध्ये प्रमाण ठरला. तो मसलबरा येथे जपलेल्या १८२९ च्या खळगे पाडण्याच्या हत्याराशी जुळतो. मात्र हे हत्यार पन्हाळीच्या नळापासून बनवले, ही कथा आख्यायिकाच मानणे बरे. येथील कोळिणींसाठी १८११ च्या नववर्षदिनी गोल्फस्पर्धा ठेवल्याची नोंद मसलबरा गोल्फ क्लबच्या इतिवृत्तात आहे. बक्षिसांत मासे वाहण्याची टोपली होती.

एडिंबरोचे बंदर असलेल्या लीथ येथे १७४४ मध्ये गोल्फचे तेरा नियम लिहून काढणारी ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरो गोल्फर्स ही गोल्फपटूंची संस्था १८३६ मध्ये मसलबराला आली आणि गर्दीला कंटाळून १८९१ मध्ये याच किनाऱ्यावरील म्युरफील्डला गेली. जाताना तिने ओपनही सोबत नेली, याचा मसलबराकरांना बराच राग आला. १८९२ ची म्युरफील्डची ओपन ७२ होलची पहिली ओपन असून ती हॅरल्ड हिल्टन या हौशी खेळाडूने जिंकली. येथील पहिले नऊ होल बाहेरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तर उरलेले नऊ त्यांच्या आत उलट दिशेने फिरतात. परिणामी वाऱ्याची दिशा सतत बदलत राहते. स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव २०१६ मध्ये आवश्यक बहुमताअभावी फेटाळला गेला, पण २०१७ मध्ये संमत झाला. २०२२ मध्ये येथे महिलांची ओपन झाली.

नॉर्थ बेरिकच्या पश्चिम मैदानावरील पंधरावा होल, ‘रेडान’, स्थापत्याच्या दृष्टीने या किनाऱ्याची सर्वांत प्रभावी देणगी म्हणता येईल. नाव क्रिमियन युद्धातील सेव्हास्तोपोलच्या तटबंदीवरून पडले. ग्रीन (खळग्याभोवतीचा अगदी आखूड गवताचा भाग) तिरके असून खेळाडूपासून दूर उतरते आणि डावीकडे समोर खोल बंकर (वाळूचा खड्डा) आहे. म्हणून चेंडू थेट झेंड्याकडे न मारता उजवीकडे टाकून घरंगळू द्यावा लागतो. अमेरिकेत मैदानरचनाकार चार्ल्स ब्लेअर मॅकडॉनल्ड यांनी ही रचना उचलली आणि पुढे तिच्या कित्येक प्रतिकृती झाल्या. याच मैदानाच्या तेराव्या होलवर ग्रीनला खेटून दगडी गडगा आहे.

गलन (काही स्थानिक ‘गिलन’ म्हणतात) येथे एकाच क्लबची तीन मैदाने आहेत. किल्स्पिंडी, लफनेस व डनबार ही इतर जुनी मैदाने. म्युरफील्डशेजारचे रेनेसान्स क्लबचे मैदान (२००८) अमेरिकी मैदानरचनाकार टॉम डोक यांनी आखले. तेथे २०१९ पासून स्कॉटिश ओपन भरते.