झोपलेल्या कर्नलचं घड्याळ कोण पाहणार?

लॅपटॉपचं झाकण मिटलं की यंत्र झोपतं, उघडलं की उठतं. उठताना ते मध्येच अडकलं, तर कुठे अडकलं हे सांगायला कोणीच जागं नसतं. पडदा काळा, डिस्क बंद, लॉग लिहिणाऱ्या प्रोसेस गोठलेल्या.

आधी ही डोकेदुखी कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, नव्हतीच. १९९२ साली आलेल्या एपीएम या वीज-व्यवस्थापनाच्या मानकात झोपवणं-उठवणं बरंचसं बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम, परस्पर उरकायचा. डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय हे नवं मानक आलं आणि सूत्रं ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेली. आता प्रत्येक ड्रायव्हरने, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या कोडने, आपापलं उपकरण क्रमाने निजवायचं आणि उलट्या क्रमाने उठवायचं. शंभर ड्रायव्हरांपैकी एकाने घोळ घातला तरी अख्खं यंत्र निपचित.

२००६ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्समध्ये यावर काढलेला तोडगा मला अजूनही भन्नाट वाटतो. रीबूटनंतरही टिकेल असं पीसीत हमखास काय असतं? बॅटरीवर चालणारं आरटीसी घड्याळ. मग कर्नल उठताना प्रत्येक टप्प्यावर त्या घड्याळात वेळेऐवजी खूणच लिहायचा: कोडमधली फाइल आणि ओळ यांचा एक हॅश (नावावरून काढलेला छोटा आकडा), उपकरणाचा दुसरा. वर्ष, महिना, दिवस, तास आणि तीन-तीन मिनिटांचे वीस कप्पे मिळून १,६१,२८,००० वेगवेगळ्या नोंदी मावतात. पॉवर बटण दाबून ठेवून यंत्र बंद करायचं, तीनेक मिनिटांच्या आत पुन्हा सुरू करायचं आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, कोणता हॅश जुळतो ते पाहायचं. यात तारखेचा पार विचका होतो, पण गुन्हेगाराचा माग लागतो.

यंत्रं बऱ्यापैकी उठू लागल्यावर तक्रार बदलली: उठतं, पण किती वेळ लावतं! इनिटकॉल-डीबग हा कर्नलचा पर्याय चालू केला की प्रत्येक ड्रायव्हरने घेतलेला वेळ लॉगमध्ये यायचा. पण २०१० च्या लिनक्स २.६.३४ आवृत्तीपासून उपकरणं समांतर झोपू-उठू लागली आणि निव्वळ बेरजेला अर्थ उरला नाही. कोण कोणासाठी ताटकळलं, हे कळायला पट्टीवर मांडलेला कालक्रम हवा. २०१४ मध्ये ३.१६ ने सस्पेंड-रिझ्यूमसाठी (झोपण्या-उठण्यासाठी) खास ट्रेस इव्हेंट, म्हणजे काय कधी घडलं याच्या नोंदी, आणले. त्यांवरून असा आलेख काढणारं इंटेलच्या अभियंत्यांचं स्लीपग्राफ २०१७ पासून कर्नलच्या सोर्समध्येच मिळतं.

एक गोम मात्र राहतेच. झोपेच्या शेवटच्या पायरीवर कर्नल आपलं कालगणनेचं कामही थांबवतो. कर्नलच्या मोनोटॉनिक (फक्त पुढेच सरकणाऱ्या) घड्याळाच्या लेखी रात्रभराची झोप घडलेलीच नसते. ती मोजणारं बूटटाइम घड्याळ २०११ मध्ये २.६.३९ सोबत आलं. पण फर्मवेअरचा (बायोससारख्या चिपमधल्या प्रोग्रॅमचा) ताबा असताना गेलेला वेळ कर्नलने कसा मोजावा? त्याच वर्षी एसीपीआय ५.० ने एफपीडीटी नावाचा तक्ता आणला. त्यात फर्मवेअर स्वतःच आपल्या वेळा नोंदवतं. स्वतःचा पेपर स्वतःच तपासण्यातला प्रकार, पण दुसरा साक्षीदारच नाही.

२०१३ च्या ३.९ मध्ये आलेल्या फ्रीझ अवस्थेत फर्मवेअरकडे ताबा जातच नाही. प्रोसेसर नुसता निष्क्रिय बसतो. त्यामुळे तिथे ट्रेस करणं सोपं, पण शंका वेगळीच: यंत्र खरंच गाढ झोपलं होतं, की डोळे मिटून पडलं होतं? त्याचं उत्तर ट्रेसमध्ये सापडत नाही. प्रोसेसर कोणत्या अवस्थेत किती वेळ होता, हे मोजणारे हार्डवेअरचे काउंटर त्यासाठी वाचावे लागतात.