श्रद्धाधिष्ठित सेवाकार्य, खानदेश

श्रद्धाधिष्ठित सेवाकार्य : धर्मसंस्था, पंथ, मिशन किंवा भक्तिसंप्रदाय यांच्या प्रेरणेने चालणारे मदतीचे, आरोग्याचे आणि शिक्षणाचे काम. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात तंटे मिटवणे आणि गावगाड्याबाहेर राहिलेल्यांना आत घेणे हाही या कामाचा भाग ठरत आला आहे. मात्र सर्वत्र नाही, आणि अनेकदा संस्थांच्या अपेक्षेपेक्षा निराळ्या रीतीने.

तापीच्या खोऱ्यात अहिराणी बोलणारे शेतकरी, रावेर-यावल पट्ट्यात लेवा पाटीदार, सातपुड्याच्या कुशीत भिल्ल, पावरा व इस्लाम मानणारे तडवी, तर पश्चिमेला नवापूर-साक्रीकडे मावची व कोकणा अशी येथील वस्ती आहे. गावातील भांडणे बहुधा बांध, पाटाचे पाणी, वनजमीन, दारू, मुलीने पळून जाऊन केलेले लग्न किंवा अफवा यांतून उभी राहतात आणि धर्माचा रंग त्यांना मागाहून चढतो. म्हणूनच केवळ धार्मिक सलोख्याची सभा भरवून भागत नाही.

या परंपरेतील सर्वांत मोठी घडामोड बाहेरून आलेल्या संस्थेची नाही. तळोदा तालुक्यातील मोरवड (रंजनपूर) येथील गुला महाराज यांनी १९३० च्या दशकात आदिवासींमध्ये ‘आप’ पंथ रुजवला. आरतीसाठी हजारो लोक जमत. दारू सोडणे, रोज स्नान करणे, स्वच्छ राहणे आणि लहानथोर सर्वांना ‘आप’ म्हणून हाक मारणे हे त्याचे नियम होते. ज्यांना सावकारापासून शिपायापर्यंत सगळे ‘अरे-तुरे’ करत, त्यांनी एकमेकांना आदराने संबोधणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. १९३८ मध्ये गुला महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे नेले. २ मार्च १९४३ रोजी रावलापाणी येथे त्यांच्या अनुयायांवर ब्रिटिश सत्तेने गोळीबार केला. तेथील खडकांवरच्या गोळ्यांच्या खुणा आजही दाखवल्या जातात. शांतपणे आरती करणाऱ्या जमावाचीही सत्तेला भीती वाटू शकते, हे या प्रसंगातून दिसते.

हाच धागा पुढे अंबरसिंग सुरतवंती यांच्याकडे येतो. भजनांमुळे ‘महाराज’ म्हणवले गेलेले हे भिल्ल कार्यकर्ते सर्वोदयाच्या वाटेने शहादा परिसरात आले. १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे आदिवासींवर झालेल्या हल्ल्यानंतर त्यांच्या कामाचा रोख हातून गेलेल्या जमिनींकडे वळला. १९७२ मध्ये आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली, १९७४ मध्ये अंबरसिंगांचे निधन झाले, आणि त्याच वर्षी अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला. नुसत्या व्यसनमुक्तीवर थांबलेल्या कामाला जे साधले नसते, ते भजन आणि सातबारा एकत्र आल्यावर साधले, असे म्हणता येते.

संस्थात्मक सेवेत ख्रिस्ती मिशनांचे काम जुने आहे. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय १९४० च्या दशकापासून सर्पदंश, बाळंतपण आणि क्षयरोगाच्या रुग्णांचा आधार आहे. अक्कलकुवा येथे मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये जामिया इस्लामिया इशातुल उलूम ही संस्था स्थापन केली. मदरशाबरोबरच शाळा, औद्योगिक प्रशिक्षण आणि महाविद्यालये असा तिचा विस्तार झाला. संघपरिवाराशी जोडलेल्या वनवासी कल्याण आश्रमाच्या परंपरेतील संस्था वसतिगृहे व आरोग्यकेंद्रे चालवतात. अमळनेरला १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, तेव्हा भक्ती आणि समावेश हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येत नाहीत, ही गोष्ट वारकऱ्यांपुढे उघडपणे आली.

समावेशाची परीक्षा अनेकदा पंगतीत होते. अखंड हरिनाम सप्ताहाच्या काल्यानंतर वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती उठतात व सारा गाव एकत्र जेवला असे सांगितले जाते. परंतु शिधा कोणाच्या घरून स्वीकारला, वाढपी कोण होते, पाण्याच्या पिंपाला हात लावायची मुभा कोणाला होती आणि उष्टी कोणी काढली, याकडे बारकाईने पाहिल्यास निराळे उत्तर मिळू शकते. जेथे गावगाड्याबाहेरच्या वस्तीतील तरुण वाढायला उभे राहतात, तेथे काही बदल झाला असे समजावे.

सर्वांत नाजूक प्रश्न धर्मांतराचा आहे. मदत गरजेनुसारच द्यावी, ती धार्मिक वा राजकीय मतप्रसारासाठी वापरू नये, ही तत्त्वे रेडक्रॉस व स्वयंसेवी संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत नोंदलेली आहेत. प्रत्यक्षात वसतिगृहातील प्रार्थना किंवा दवाखान्याच्या भिंतीवरची तसबीरही वादाला पुरते, आणि आरोप करणारे व ज्यांच्यावर आरोप होतो ते दोघेही त्याच पाड्यांवर सेवा करत असतात. अशा चढाओढीत पाडा दुभंगतो, हे मान्य करायला कोणतीच बाजू फारशी तयार नसते.

अफवेपुढे तर सगळीच सेवा तोकडी पडते. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागत हिंडणे हीच ज्यांची धार्मिक वृत्ती, त्यांना गावाने ओळखले नाही. सातपुड्यातील एखाद्या बाईला डाकीण (चेटकीण) ठरवण्याची प्रथाही अशाच संशयावर पोसली जाते. तिच्याविरुद्ध २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार आहे, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा २०१७ पासून लागू आहे. तरी तक्रारदार बाईला पोलीस ठाण्यातून परत त्याच पाड्यावर जायचे असते, त्यामुळे पुजारा (पाड्याचा पुजारी), पोलीस पाटील आणि कारभारी यांना आधीच विश्वासात घेणारे कार्यकर्ते जास्त उपयोगी ठरतात. १५ ऑगस्ट २००७ पासून राबवल्या गेलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत दिवाणी व किरकोळ फौजदारी तंटे गावात मिटवण्याची सोय झाली. पण जातपंचांच्या शब्दाला धार्मिक वजन असते तेथे ‘मिटवणे’ म्हणजे दुबळ्याने दंड भरणे, असाही अर्थ होऊ शकतो.

कामाचे वेळापत्रकही येथे महत्त्वाचे आहे. धडगाव व अक्कलकुवा भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात. हिवाळ्यात घेतलेल्या बैठकांना म्हातारी माणसे आणि मुलेच जास्त असतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावच्या राजवाडी होळीच्या सुमारास घरे पुन्हा भरतात, आणि दोन पाड्यांमधील जुने झगडे पंचांपुढे आणायला हाच काळ सोयीचा पडतो.